रिकर्व्हसाठी लाकूड निवडताना आधी वजनकाटा काढा

माझ्याकडे रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेलं धनुष्य, करून घ्यायला येणारा माणूस बहुतेक वेळा फोटो घेऊनच येतो. फोटोत झेब्रावूडचे पट्टे असतात, नाहीतर कोकोबोलोवरची काळी-केशरी नागमोडी नक्षी. "मला अगदी हेच लाकूड हवं." मी फोटो बघते, छान आहे म्हणते आणि विचारते, "धनुष्यात कुठे हवंय?" इथे गाडी अडते.

धनुष्य म्हणजे चार वेगवेगळ्या जागा. मधला दांडा, जो आपण मुठीत धरतो, तो रायझर. दोन्ही बाजूंची वाकणारी अंगं म्हणजे लिम्ब. हा शब्द मराठीत लिहिला की मला कडुलिंबच आठवतो, म्हणून मी त्यांना पाती म्हणते. पात्याच्या आत लाकडाचा गाभा, गाभ्याच्या पुढे-मागे फायबरग्लासचा एकेक थर, आणि तो ग्लास पारदर्शक असेल तर त्याच्याखाली शोभेचं पातळ व्हिनीअर, म्हणजे लाकडाचा पापुद्रा. चौथी जागा टोकांची, जिथे दोरीचा फास बसतो. यातली प्रत्येक जागा लाकडाकडून वेगळं काम मागते. रायझरमध्ये जे लाकूड सोन्यासारखं वागतं, तेच पात्याच्या गाभ्यात घातलं की गळ्यातलं लोढणं होतं.

मी आधी लेथवर वाडगे काढायची. वाडग्याला लाकूड निवडताना रंग आणि नक्षी बघितली की काम भागतं. वाडग्याला कोणी ४५ पाउंडांनी खेचत नाही. धनुष्याकडे वळले तेव्हा ती सवय घेऊनच वळले आणि त्याची किंमत मोजली. आता माझ्याकडे एक वही आहे. तिच्यात प्रत्येक ठोकळ्याचं वजन, मापं आणि ओलावा लिहिलेला असतो, आणि रंगाचा रकाना सगळ्यात शेवटी येतो.

रायझर: इथे हौस करा, पण हिशेबानं

रायझरला जड लाकूड नुसतं चालत नाही, ते हवंच असतं. दोरी सुटते त्या क्षणी मूठ थोडीशी हलते, वळते. दांडा जड असेल तर तो हे वळणं सोसतो, हाताला झिणझिण्या कमी येतात, आणि पूर्ण खेचून निशाण धरताना धनुष्य डुलत नाही. परदेशी लाकडांना धनुष्याच्या जगात एवढा मान आहे त्यामागचं खरं कारण हे वजन आहे. रंग हा वरचा नफा.

किती वजन, हे आधी कागदावर काढता येतं. एकसंध रिकर्व्हच्या रायझरसाठी मी साधारण १८ इंच लांब, अडीच इंच रुंद आणि पावणेदोन इंच जाड ठोकळा घेते. त्याचं घनफळ जवळपास १२९० घन सेंटीमीटर भरतं. कापून, कोरून, घासून झालं की त्यातलं निम्मं उरतं, ६५० धरा. आता अक्रोडाच्या काळ्या जातीची सरासरी घनता घनमीटरला ६१० किलो आहे, म्हणजे रायझर भरेल ४०० ग्रॅमच्या आसपास. हार्ड मेपल ७०५, तर रायझर ४६०. पडौक ७४५, तर ४८५. बुबिंगा ८९०, तर ५८०. कोकोबोलो १०९५, तर थेट ७१० ग्रॅम. इपेही तिथेच. अक्रोड आणि कोकोबोलो यांच्यात तीनशे ग्रॅमचा फरक पडला, तोही आकार तोच ठेवून.

ज्याला एका जागी उभं राहून निशाण साधायचंय त्याला मी वरच्या टोकाकडे ढकलते. ज्याला दिवसभर चढ-उतारावर हिंडत फील्ड आर्चरी करायची आहे, त्याला बुबिंगाच्या पलीकडे जाऊ देत नाही. सकाळी ७१० ग्रॅम काहीच वाटत नाहीत. संध्याकाळी डावा खांदा त्यांचा हिशेब मागतो.

लक्षात ठेवा, हे सरासरीचे आकडे झाले. एकाच झाडाच्या दोन फळ्यांत दहा टक्क्यांचा फरक सहज निघतो. म्हणून पुस्तकी घनतेवर विसंबू नका. ठोकळा काट्यावर ठेवा, तिन्ही मापं घ्या, भागाकार करा. पाच मिनिटांचं काम आहे.

मानेची जागा

वजनानंतर रेषा, म्हणजे लाकडाचे तंतू धावतात ती दिशा. आणि रेषा म्हटलं की मला माझं चौथं धनुष्य आठवतं.

झेब्रावूडचा ठोकळा होता. पट्टे सरळ नव्हते, नदीच्या पात्रासारखे वळत गेलेले. तेवढ्यावरच भुलून घेतला होता. धनुष्य झालं खेचायला ४२ पाउंडांचं, दिसायला असं की भिंतीवरून नजर हटत नव्हती. चौथ्या दिवशी पूर्ण खेचलेल्या स्थितीत 'टक्' असा आवाज आला, सुपारी फुटल्यासारखा. मी दोरी हळूच परत सोडली. पकडीच्या जरा वर, बाण टेकतो त्या खाचेपाशी, एक बारीक तिरकी चीर आरपार गेली होती. चीर बरोबर एका वळणाऱ्या पट्ट्याच्या कडेनं गेली होती, जणू मीच पेन्सिलनं आखून दिलेली.

बाण मध्यरेषेवरून जावा म्हणून रायझरला एका बाजूनं खोल खिडकी कापावी लागते. त्यामुळे तिथे लाकूड उरतं एक इंचापेक्षाही कमी रुंद. या अरुंद भागाला मी मान म्हणते. सगळा भार या मानेतून जातो. लाकडाचे तंतू दांड्याच्या लांबीनं धावत असतील तर मान कणखर. तंतू तिरके धावून मानेच्या एका कडेतून आत शिरून दुसऱ्या कडेतून बाहेर पडत असतील, तर तिथे लाकूड धरून ठेवायला तंतूच नाहीत, नुसता त्यांचा आपसातला चिकटपणा आहे. अशी आडरेषेची मान आज ना उद्या चिरते.

त्यामुळे नक्षी बघायची ती मानेची जागा सोडून. ठोकळ्यावर रायझरचा पुठ्ठ्याचा साचा ठेवा आणि तो पुढे-मागे सरकवत राहा. गाठ, वळण, लहरी जे काही सुंदर आहे ते पकडीच्या खालच्या जाड भागात किंवा पात्यांकडे जाणाऱ्या उतारांवर येऊ द्या. मान मात्र सरळ रेषेची आणि कंटाळवाणी असू दे. माझा नियम असा की मानेत रेषा दहा इंचांत एक इंचापेक्षा जास्त तिरकी धावत असेल तर तो ठोकळा रायझरला घ्यायचा नाही, वाडग्याला ठेवायचा.

पट्टे आणि रेषा एकच असतात असं मात्र समजू नका. रंगाचा पट्टा सरळ आणि तंतू तिरके, हे अनेक उष्णकटिबंधीय लाकडांत सर्रास दिसतं. तंतू एका थरात डावीकडे झुकतात, पुढच्या थरात उजवीकडे. खात्री करायची तर ठोकळ्याच्या टोकाची दोन इंचांची चकती कापून घ्या, तिच्यावर पटाशी ठेवून हातोडी मारा. लाकूड ज्या वाटेनं फाटतं ती त्याची खरी रेषा. विकणारा कापू देत नसेल तर बाजूवरच्या बारीक भेगा आणि छिद्रांच्या रेघा बघा, भिंगातून. त्या तंतूंच्याच दिशेनं जातात.

एवढं करूनही एखादा नक्षीदार ठोकळा सोडवत नसेल तर त्याला मधून उभा चिरायचा आणि आत दुसरा पट्टा घालायचा: मेपलचा पाव इंची, किंवा फिनॉलिकचा (राळेत भिजवून दाबलेल्या कागद-कापडाचा कडक पत्रा), किंवा फायबरग्लासच्याच दोन-तीन पट्ट्या. हा पट्टा मानेतून सलग गेला पाहिजे. बाजारातल्या रायझरांमध्ये दिसणाऱ्या त्या सुबक रेघा निव्वळ शोभेच्या असतील असं मला कितीतरी दिवस वाटायचं. त्या हाडं आहेत.

पाती: इथे हात आखडता घ्या

लोकांचा सगळ्यात लाडका गैरसमज इथला. "गाभ्यात ओसेज घाल, बाण जोरात जाईल." "यू घालता येईल का? जुने इंग्रज तेच वापरायचे ना?"

ओसेज ऑरेंज हे उत्तर अमेरिकेतलं धनुष्याचं लाकूड खरंच. फ्रेंचांनी त्याचं नावच 'बोआ दार्क', म्हणजे धनुष्याचं लाकूड, असं ठेवलं होतं. यूचीही ख्याती खोटी नाही. त्याचं बाहेरचं पांढरं लाकूड ताण सोसतं आणि आतलं लालसर लाकूड दाब सोसतं. पण ही कीर्ती एकाच लाकडातून कोरलेल्या धनुष्यांची आहे. आपल्या रिकर्व्हमध्ये ताण आणि दाब सोसायला बाहेर फायबरग्लास बसलेला असतो, आणि तो लाकडाच्या कितीतरी पट ताठ असतो. गाभ्याचं काम एवढंच की दोन ग्लास एकमेकांपासून ठरल्या अंतरावर धरून ठेवायचे आणि त्यांच्यामध्ये सरकायचं नाही. यासाठी हवं सरळ रेषेचं, चिवट, गोंद नीट धरणारं आणि हलकं लाकूड. हार्ड मेपल, रेड एल्म, बांबू. झालं.

हलकं का, तर दोरी सुटल्यावर साठलेली ताकद बाण आणि पाती यांच्यात वाटली जाते. पात्याचं वजन, विशेषतः टोकाजवळचं, जितकं जास्त तितका बाणाचा वाटा कमी. एका पात्याचा वाकणारा भाग २० इंच लांब आणि सरासरी सव्वा इंच रुंद धरा. गाभा सरासरी ०.१५ इंच जाड असेल तर त्यात जवळपास ६१ घन सेंटीमीटर लाकूड जातं. रेड एल्मचं ते ३७ ग्रॅम होतं, इपेचं ६७. दर पात्याला ३० ग्रॅम फुकट हलवायचे, प्रत्येक बाणाला. त्या बदल्यात दिसायला काय मिळालं? पात्याच्या कडेला एक बारीक तपकिरी रेघ.

व्हिनीअरची गोष्ट मात्र उलटी. पारदर्शक ग्लासखालचं व्हिनीअर साधारण ०.०२ इंच जाड असतं. त्याच पात्यावर त्याचं एकूण लाकूड भरतं आठ घन सेंटीमीटर. कोकोबोलो घेतलंत तर ९ ग्रॅम, एल्म घेतलंत तर ५. पुढच्या-मागच्या अंगांचा मिळून फरक आठ ग्रॅम, तोही सगळ्या लांबीवर पसरलेला आणि टोकाकडे पातं निमुळतं होत असल्यामुळे तिथे अगदीच थोडा. म्हणून ज्याला नक्षी हवीच आहे त्याला मी सांगते, सगळी हौस व्हिनीअरमध्ये फेडून घ्या. गाठी, लहरी, बर्ड्स-आय (पक्ष्याच्या डोळ्यांसारखे ठिपके), बर्ल (झाडाच्या गाठाळ फुगवट्याचं लाकूड), जे रायझरच्या मानेत मी शिवूही देत नाही ते इथे खुशाल चालतं, कारण वर ग्लास आहे आणि खाली गाभा. फक्त आरपार भोकं असलेला बर्ल नको. भोकात इपॉक्सी गोंद साचतो आणि ग्लासखाली पिवळट डाग होऊन कायमचा राहतो.

एक गंमत: व्हिनीअर एकाच फळीतून एकामागून एक कापलेली मागा आणि पुस्तकाच्या पानांसारखी उघडून लावून घ्या. वरच्या पात्यावरची नक्षी खालच्या पात्यावर आरशातल्यासारखी दिसते. गिऱ्हाईक पहिल्यांदा धनुष्य हातात घेतं तेव्हा बोट तिथेच जातं.

टोकांना कठीण, घट्ट लाकूड हवं, कारण आजच्या न ताणणाऱ्या दोऱ्या मऊ लाकडात करवतीसारख्या रुततात. पण तुकडा लहान ठेवा. मी बहुतेकदा फिनॉलिकचा पातळ थर खाली घालून वर रायझरचंच लाकूड चढवते.

ओलावा, आणि मेणाचा ठोकळा

लेथवर काम करणाऱ्यांसाठी विकले जाणारे परदेशी ठोकळे पुष्कळदा सगळीकडून मेण लावलेले असतात. आत लाकूड ओलंच असतं. मेण त्याला तडकू देत नाही, एवढंच. वाडगे काढायच्या काळातला असा एक बोकोटेचा ठोकळा मी धनुष्यासाठी काढला. मेण खरवडलं, वजन लिहिलं आणि टोकांना पुन्हा मेण लावून फळीवर ठेवून दिला. दर महिन्याला वजन करत गेले. सात महिन्यांत तो आपल्या वजनातला अकरावा हिस्सा गमावून बसला आणि मगच थांबला. हाच ठोकळा पहिल्या आठवड्यात वापरला असता तर रायझर वर्षभरात पात्यांपाशी सांध्यातून उघडला असता.

मला ओलावा सहा ते आठ टक्के हवा असतो. मीटर नसेल तर वजनाची वही पुरते: लागोपाठ दोन महिने वजन हललं नाही की लाकूड तुमच्या खोलीच्या हवेशी जुळलं. आबनूस या बाबतीत सगळ्यात हट्टी. वरून कोरडा दिसतो, आतून वाळायचा असतो, आणि वाळताना टोकांकडून बारीक केसासारख्या चिरा पडत जातात. मी आबनूस फक्त पातळ पट्ट्यांत वापरते.

दोन वेगळी लाकडं जोडताना त्यांच्या वर्तुळांची दिशाही बघा. लाकूड वार्षिक वर्तुळांच्या बाजूनं जेवढं फुगतं-आकसतं ते वर्तुळांना आडव्या दिशेच्या साधारण दुप्पट असतं. जोडीतल्या दोघांची वर्तुळं एकाच दिशेला ठेवलीत तर ऋतू बदलल्यावर सांध्यावर नखाला लागेल अशी पायरी येत नाही.

तेलकट लाकडाला गोंद

कोकोबोलो आणि शिसवाची इतर भावंडं, लिग्नम विटी, काही अंशी इपे: ही लाकडं स्वतःचं तेल घेऊन येतात. ताज्या रंधलेल्या पृष्ठभागावर पांढरा कागद घट्ट दाबून रात्रभर वजनाखाली ठेवा. सकाळी कागदावर डाग उमटला असेल तर समजा की गोंदाला हे लाकूड आवडणार नाही.

उपाय सोपा आहे, फक्त घाई लागते. सगळे तुकडे गोंदाविना एकदा जोडून बघा, क्लॅम्प मापून ठेवा, इपॉक्सी मोजून तयार ठेवा. मग पृष्ठभाग ६० किंवा ८० नंबरच्या पेपरनं खरखरीत करा, अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेल्या स्वच्छ पांढऱ्या फडक्यानं पुसा, फडक्यावर रंग यायचा कमी होईपर्यंत पुसत राहा, सुकू द्या आणि तासाभराच्या आत गोंद लावा. उशीर केलात तर आतलं तेल पुन्हा वर येतं. क्लॅम्प जीव खाऊन आवळू नका, सगळा गोंद बाहेर पडतो. धनुष्यवाल्यांमध्ये स्मूथ-ऑनचं ईए-४० हे इपॉक्सी जास्त चालतं, मीही तेच वापरते, आणि ते साधारण ६५ ते ८० अंश सेल्सिअसच्या पेटीत काही तास शेकते. तेलकट लाकडाचा सांधा कच्चा राहिला असेल तर तो उन्हात उभ्या गाडीत ठेवलेल्या धनुष्यात बोलतो, कामाच्या टेबलावर नाही.

तेच तेल पॉलिशलाही नडतं. तेलावर आधारित वॉर्निश शिसवाच्या जातींवर दिवसेंदिवस चिकटच राहतं. आधी मेण काढलेल्या लाखेचा, म्हणजे शेलॅकचा, एक हात द्या आणि मग हवं ते चढवा.

कोण कसं आहे

बुबिंगावर माझा सगळ्यात जास्त भरवसा. जड, घट्ट, रेषा बहुधा शहाणी, तेल फारसं नाही. पहिल्यांदाच परदेशी लाकूड घेणाऱ्याला मी हेच देते. नक्षी हवी असेल तर त्यात पाण्यावरच्या लाटांसारखी एक तऱ्हा मिळते, पण मानेचा नियम तिलाही लागू.

शेडुआ, म्हणजेच ओव्हांगकोल, त्याच्याच कुळातलं, थोडं हलकं, सोनेरी-तपकिरी. दिखाऊ नाही, म्हणून कोणी मागत नाही. मी स्वतःच्या धनुष्यात वापरलंय.

पर्पलहार्ट ताकदीला उत्तम, पण रंगाचं वचन देऊ नका. ताजं कापलं की ते करडं-तपकिरी दिसतं, हवा-उजेड लागून काही दिवसांत जांभळं होतं, आणि पुढे उन्हात राहून राहून पुन्हा तपकिरीकडे झुकतं. एकानं मुलीचा आवडता रंग म्हणून जांभळं धनुष्य करून घेतलं होतं. दोन वर्षांनी मुलगी म्हणाली, "बाबा, हे आता चॉकलेटी आहे." अतिनील किरणं अडवणारं पॉलिश वेग कमी करतं, बदल थांबवत नाही. पडौकचा पेटता केशरीही असाच तपकिरी होतो, ओसेजचा हळदी पिवळाही.

पडौकची आणखी एक खोड. त्याचा भुसा म्हणजे शब्दशः रंग. पडौकच्या शेजारी पांढरा मेपलचा पट्टा लावलात आणि दोन्ही एकत्र घासलेत की केशरी पूड मेपलच्या छिद्रांत जाऊन बसते आणि पांढरा पट्टा लाजल्यासारखा गुलाबी होतो. अ‍ॅसिटोननं पुसायला गेलात तर रंग आणखी पसरतो. मेपलवरची पूड हवेच्या झोतानं उडवा आणि शेवटचे हात रेषेच्या दिशेनं स्क्रेपरनं द्या.

वेंगे काळं-तपकिरी, राजबिंडं, आणि अंगाला कुसळं भरवणारं. त्याचं कुसळ बोटात गेलं तर त्याच दिवशी काढा, पिकायला वेळ लागत नाही. छिद्रं मोठी असल्यामुळे गुळगुळीत हवं असेल तर आधी फिलर भरावा लागतो. झेब्रावूडबद्दल मी वर रडले आहेच. सरळ पट्ट्यांचा ठोकळा मिळाला तर चांगलं आहे, कापताना वास मात्र घाणेरडा येतो. बोकोटे जरा तेलकट पण सुंदर.

कोकोबोलोबद्दल सगळे विचारतात. हो, ते तेवढंच देखणं आहे. आणि हो, मी ते आता वापरत नाही. सहाव्या-सातव्या रायझरपर्यंत काही झालं नाही. आठव्याला मनगटांवर आणि पापण्यांवर लाल चट्टे उठले, रात्रभर खाज. ही अ‍ॅलर्जी अशीच येते: शरीर कितीतरी वेळा सहन करतं आणि एकदा बिथरलं की चिमूटभर भुशानंही बिथरतं. शिसवाच्या साऱ्या जाती, पडौक, इपे, वेंगे आणि शिसवासारखंच दिसणारं पाउ फेरो यांच्याही भुशाचा हा धोका आहे. नाकातोंडावर चेहऱ्याला घट्ट बसणारा धुळीचा मास्क, भुसा ओढणारं यंत्र, लांब बाह्या, आणि काम झाल्यावर आधी अंघोळ, मग बाकीचं. धनुष्य वापरणाऱ्याला पॉलिशखालच्या लाकडाचा सहसा त्रास होत नाही, पण ज्याची कातडी आधीच हळवी आहे त्यानं पकडीसाठी दुसरं लाकूड निवडलेलं बरं.

कागदपत्रं

हा भाग कंटाळवाणा आहे, पण लाकूड किंवा धनुष्य सीमा ओलांडणार असेल तर टाळता येत नाही. दुर्मीळ जिवांच्या व्यापारावर 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराचं नियंत्रण आहे. ब्राझिलियन रोझवूड १९९२पासून त्याच्या पहिल्या, सर्वांत कडक परिशिष्टात आहे. कोकोबोलो २०१३पासूनच दुसऱ्या परिशिष्टात होतं; जानेवारी २०१७पासून डाल्बर्जिया हे त्याचं अख्खं कूळ, म्हणजे आपल्या ओळखीचा शिसवसुद्धा, तिथे गेलं. त्याच वेळी बुबिंगाच्या तीन जातीही. आफ्रिकेतला पडौक २०२३मध्ये आला आणि इपे २०२४च्या अखेरीस. दुसऱ्या परिशिष्टातल्या डाल्बर्जिया आणि बुबिंगाच्या तयार वस्तूंना एका पाठवणीत त्या लाकडाचं वजन दहा किलोपर्यंत असेल तर सूट आहे. धनुष्य त्यात बसतं. न कोरलेला ठोकळा तयार वस्तू नसतो, त्याला ती सूट नाही. पाउ फेरो डाल्बर्जिया नाही, म्हणून २०१७च्या नियमात ते सापडलं नाही आणि शिसवाची जागा भरायला बरेचजण त्याच्याकडे वळले. या याद्या दर बैठकीत बदलतात, तेव्हा मागवण्याआधी त्या दिवशीची यादी बघा. आणि दुकानी नाव पुरेसं नसतं. 'रोझवूड' नावानं डझनभर वेगळी झाडं विकली जातात. शास्त्रीय नाव बिलावर लिहून मागा.

करून घेताना काय मागायचं

तुम्ही स्वतः धनुष्य करत नसाल, करून घेत असाल, तर कारागिराला रंग सांगण्याआधी तीन गोष्टी सांगा: कुठे आणि किती वेळ नेमबाजी करता, सध्याच्या धनुष्याचं वजन तुम्हाला जड वाटतं की हलकं, आणि आधी कोणत्या लाकडाचा किंवा भुशाचा त्रास झालाय का. मग ठोकळ्याचे फोटो मागा, चारही बाजूंचे, आणि त्यातला एक स्पिरिट किंवा पाणी लावून ओला केलेला. पॉलिश केल्यावर लाकूड साधारण त्या ओल्या फोटोसारखं दिसतं. ठोकळ्यावर साचा आखून मान कुठे येणार हे दाखवायला सांगा. मला हे विचारणारं गिऱ्हाईक आवडतं. हे विचारल्यावर वैतागणारा कारागीर असेल तर जरा थांबून विचार करा.

रंगांच्या बाबतीत माझं मत एवढंच: एक गडद, एक फिकट, आणि फार तर एक बारीक रेघ. चार लाकडं एका रायझरमध्ये घातली की धनुष्य नमुन्यांच्या पेटीसारखं दिसतं. सांधेही वाढतात, आणि प्रत्येक सांधा ही चूक करायची एक नवी जागा असते.

शेवटी, रायझर आणि व्हिनीअर कापून उरलेला एकेक तुकडा मागून घ्या. पुढे कधी टोकाचा कपचा उडाला किंवा पकडीची कड फुटली तर त्याच झाडाचं ठिगळ लावता येतं. पण तो तुकडा कपाटात ठेवू नका. माझ्याकडे एकजण पाच वर्षांनी पडौकचं धनुष्य दुरुस्तीला घेऊन आला, सोबत कागदात गुंडाळून जपलेला तुकडा. धनुष्य तपकिरी, तुकडा अजून केशरी. ठिगळ कपाळावरच्या कुंकवासारखं उठून दिसलं. तेव्हापासून मी उरलेल्या तुकड्याला भोक पाडून, त्यात जुन्या दोरीचा गोफ ओवून देते आणि सांगते, धनुष्य जिथे टांगाल त्याच खुंटीवर हाही टांगा.